५० वर्षं जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मीटर अस्सल आहेत की नाही, हे कसं ओळखतात?

ब्रिटनमध्ये २६ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम सैल झाले. जुन्या गाडीचा खराब भाग काढून त्याजागी तसाच भाग बसवला, गाडीचं रूप कारखान्यातून निघाली तेव्हासारखंच राहिलं आणि नोंदणीच्या कागदावरची माहिती बदलली नाही, तर ही दुरुस्ती आता 'डीव्हीएलए' या तिथल्या वाहन नोंदणी संस्थेला कळवावी लागत नाही. मोठे बदल केलेल्या गाडीलाही मूळ नंबर आणि मूळ ओळख ठेवता येते. मात्र ते बदल कळवावे लागतात.

एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, जग्वार अशा जुन्या स्पोर्ट्स कार जपणाऱ्यांसाठी ही चांगली बातमी होती. पण तिच्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला. 'तसाच भाग' म्हणजे नेमका कसा? आणि तो तसाच आहे, हे तपासणार कोण?

हा प्रश्न सगळ्यात जास्त अडचणीचा ठरतो तो डॅशबोर्डवरच्या मीटरांच्या बाबतीत. चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांची नोंद सरकारदरबारी असते. वेग, किती अंतर चाललं, तेलाचा दाब आणि इंजिनचं तापमान सांगणाऱ्या गोल काचांकडे मात्र कुठलाच कायदा बारकाईने बघत नाही. खरेदीदार मात्र गाडीचा दरवाजा उघडल्यावर पहिल्यांदा तिकडेच बघतो.

मीटरांचा प्रश्न आत्ताच का आला?

यामागे दोन बदल आहेत. पहिला बदल २०१८ सालचा. त्या वर्षीच्या २० मेपासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसे बदल न केलेल्या गाड्यांना 'एमओटी' या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. या तपासणीत गाडीच्या ओडोमीटरवरचा आकडाही नोंदवला जातो आणि २००५ पासूनच्या नोंदी सरकारी वेबसाइटवर कुणालाही बघता येतात. म्हणजे गाडी दरवर्षी किती चालली, याचा तो एक तटस्थ पुरावा होता.

सूट मिळालेल्या ज्या गाड्यांचे मालक स्वतःहून तपासणी करून घेत नाहीत, त्यांच्या बाबतीत ही नोंद थांबली. एमजीबी या गाडीचं उदाहरण घ्या. १९६२ ते १९८० या काळात ५ लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता ४५ वर्षांची झाली आहे. म्हणजे मूळ स्वरूपातली प्रत्येक एमजीबी या सवलतीच्या कक्षेत येते.

दुसरा बदल २०२५ चा, म्हणजे दुरुस्ती कळवण्याची गरज नसण्याचा. हे दोन्ही बदल मालकांच्या सोयीचे आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे गाडीबद्दलची खरी माहिती सांभाळण्याची जबाबदारी सरकारकडून मालकाकडे सरकली. अशा वेळी गाडीतल्या ज्या भागांवर स्वतःची ओळख छापलेली असते, ते भाग महत्त्वाचे ठरतात. मीटर त्यापैकी एक आहेत.

हे मीटर बनवायचं कोण?

विसाव्या शतकात ब्रिटिश गाड्यांच्या डॅशबोर्डवर एका नावाचं राज्य होतं, ते म्हणजे स्मिथ्स. सॅम्युअल स्मिथ यांनी १८५१ मध्ये लंडनमध्ये घड्याळांचं दुकान सुरू केलं. घड्याळांकडून ही कंपनी मोटारींच्या मीटरांकडे वळली. लंडनमधल्या क्रिकलवूड इथला तिचा कारखाना पुढे प्रसिद्ध झाला.

एमजी आणि ट्रायम्फच्या अनेक गाड्यांच्या डायलवर 'येगर' असं नाव दिसतं. हे नाव मूळचं पॅरिसमधल्या एदमों येगर या घड्याळजीचं. त्याच्या कंपनीची ब्रिटिश शाखा पुढे स्मिथ्सच्या ताब्यात आली. त्यामुळे १९५० आणि ६० च्या दशकातल्या ब्रिटिश गाडीत येगर छापलेला मीटर दिसला, तर तो बहुधा स्मिथ्सच्याच कारखान्यातून निघालेला असतो. 'हा परका मीटर कुणीतरी नंतर बसवला' असा निष्कर्ष त्यावरून काढणं चुकीचं ठरतं.

तिसरं नाव लुकास. बर्मिंगहॅमची ही कंपनी दिवे, स्विच, डायनॅमो असा विजेचा सगळा सरंजाम पुरवायची. बॅटरी चार्ज होते की नाही, हे दाखवणारा अँमीटर बऱ्याच गाड्यांत लुकासचाच असे.

आज वेल्समधली केअरबॉन्ट ऑटोमोटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी स्मिथ्सच्या नावाने क्लासिक धाटणीचे नवे मीटर बनवते. म्हणजे डायलवर 'स्मिथ्स' लिहिलेलं आहे एवढ्यावरून मीटर ५० वर्षांपूर्वीचा की ५ वर्षांपूर्वीचा, हे सांगता येत नाही. त्यासाठी आणखी खाली बघावं लागतं.

डायलवरचा बारीक कोड काय सांगतो?

स्मिथ्सच्या मीटरचं ओळखपत्र त्याच्या चेहऱ्यावरच असतं. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक कोड छापलेला असतो. पुष्कळदा तो रिंगच्या कडेआड अर्धवट झाकलेला असतो, म्हणून टॉर्च आणि भिंग घेऊन बघावं लागतं.

कोडची पहिली अक्षरं मीटरचा प्रकार सांगतात:

• एसएन – केबलवर चालणारा, चुंबकाच्या तत्त्वावरचा स्पीडोमीटर

• आरएन – केबलवर चालणारा आरपीएम मीटर

• आरव्हीआय – इग्निशनच्या विद्युतप्रवाहावर चालणारा आरपीएम मीटर

• आरव्हीसी – त्यानंतरचा, व्होल्टेजच्या संकेतावर चालणारा आरपीएम मीटर

• बीएफ – पेट्रोल किती आहे ते दाखवणारा, द्विधातू पट्टीवर चालणारा मीटर

• बीटी – त्याच पद्धतीचा तापमान मीटर

अक्षरांनंतर चार आकडे, तिरकी रेघ आणि पुन्हा दोन आकडे असतात. हा पूर्ण क्रमांक त्या मॉडेलच्या, त्या वर्षाच्या सुट्या भागांच्या पुस्तकाशी जुळवायचा असतो. शेवटचे दोन आकडे बदलले की मीटरची आवृत्ती बदलते. त्यामुळे 'जवळपास जुळतोय' याला इथे अर्थ नाही.

स्पीडोमीटरवर आणखी एक आकडा असतो आणि तो सगळ्यात कामाचा. उदाहरणार्थ, १२८०. याचा अर्थ गाडी एक मैल चालली की गिअरबॉक्समधून येणारी केबल १२८० वेळा फिरायला हवी, तरच हा मीटर खरा वेग दाखवेल. किलोमीटरच्या मीटरवर हाच हिशेब दर किलोमीटरला किती फेरे, असा असतो.

काही मीटरांच्या पाठीवर महिना आणि वर्षाचा शिक्काही सापडतो. मीटर गाडीच्या जन्मतारखेच्या थोडा आधीचा असेल, तर ते स्वाभाविक आहे. मीटरची तारीख गाडीच्या नंतरची असेल, तर तो कधीतरी बदलला गेला, एवढं नक्की.

आकडा जुळला नाही तर काय बिघडतं?

समजा, एखाद्या गाडीच्या गिअरबॉक्समधून केबलला मैलाला १०४० फेरे मिळतात. मालकाने हौसेने दुसऱ्या गाडीतला सुंदर, अस्सल मीटर मिळवून बसवला, पण तो १२८० फेऱ्यांचा आहे. दिसायला सगळं जागच्या जागी. पण गाडी ताशी ६० मैलांनी, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरने धावत असताना काटा ४९ मैलांच्या, म्हणजे सुमारे ७८ किलोमीटरच्या आसपास राहील. चालक वेगमर्यादेत असल्याच्या समजुतीत मर्यादा ओलांडत राहील.

ओडोमीटरही त्याच केबलवर चालतो. तोही तितकाच मागे पडेल. गाडी १० हजार मैल चालली तर नोंद होईल ८१२५ मैलांची. यात कुणी आकडे फिरवलेले नाहीत, कुणाचा हेतू वाईट नाही. तरी पुढच्या खरेदीदारापर्यंत खोटी माहितीच पोहोचते.

अनेक मालक आज महामार्गावर आरामात चालावी म्हणून जुन्या गाडीत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्स बसवतात. टायरचा आकार किंवा मागच्या अॅक्सलचं गुणोत्तर बदलतात. अशा वेळी गाडीचा स्वतःचा, अस्सल मीटरही चुकीचं सांगू लागतो.

हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. स्पीडोमीटरच्या मागून केबल सोडवायची, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा चिकटवायचा आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून गाडी सपाट जागेवर सरळ रेषेत १६.०९ मीटर ढकलायची. हे अंतर मैलाचा बरोबर शंभरावा भाग आहे. झेंडा किती वेळा फिरला ते मोजायचं आणि १०० ने गुणायचं. उत्तर डायलवरच्या आकड्याच्या आसपास आलं पाहिजे. १२८० च्या मीटरसाठी झेंड्याचे पावणेतेराच्या जवळपास फेरे व्हायला हवेत. नंतर मोबाइलमधल्या जीपीएसवर वेग ताडून बघता येतो.

आरपीएम मीटरमध्ये कुठला धोका असतो?

इथे दोन गोष्टी बघाव्या लागतात. पहिली सिलिंडरची संख्या. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरच्या इंजिनमध्ये तीन. विजेवरचा मीटर या ठिणग्या मोजतो. त्यामुळे चार सिलिंडरसाठीचा मीटर सहा सिलिंडरच्या गाडीत बसवला, तर इंजिन ४००० वर असताना तो ६००० दाखवेल.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या जोडणीची. आज आपण बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडतो. पण १९६० च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. एमजीबीमध्ये हा बदल १९६७ च्या अखेरीस, मार्क २ आवृत्तीत झाला. एका पद्धतीचा विजेवरचा मीटर दुसऱ्या पद्धतीच्या गाडीत जोडला, तर त्यातले ट्रान्झिस्टर जळू शकतात. म्हणून काही डायलवर तो कुठल्या अर्थिंगचा आहे, हे छापलेलं असतं. ज्यावर नसेल, त्याची खात्री झाल्याशिवाय वायर जोडू नये.

बल्बच्या जागी एलईडी लावतानाही हेच लक्षात ठेवावं लागतं. साध्या बल्बला वीज कुठून कुठे जाते याने फरक पडत नाही, एलईडीला पडतो. जुन्या इग्निशनऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तर आरव्हीआय प्रकारचा मीटर कधीकधी चुकीचं दाखवतो किंवा बंदच पडतो. मीटर बिघडला असं समजून तो फेकून देण्याआधी हे कारण तपासून बघायला हवं.

'मूळ' म्हणजे नक्की काय?

जुन्या गाड्यांच्या बाजारात 'ओरिजिनल' हा शब्द सढळ हाताने वापरला जातो. पण मीटरच्या बाबतीत त्याचे किमान चार वेगळे अर्थ होतात.

पहिला प्रकार म्हणजे कारखान्यातून याच गाडीसोबत आलेला मीटर. दुसरा, त्याच काळातला, त्याच कोडचा, पण दुसऱ्या गाडीतून काढलेला. तिसरा, चेहरा आणि डबा जुना, पण आतलं यंत्र काढून नवं इलेक्ट्रॉनिक सर्किट घातलेला. आणि चौथा, जुन्यासारखा दिसणारा पण पूर्ण नवा.

चारही प्रकार वापरायला चालतात. गडबड होते ती तिसऱ्याला किंवा चौथ्याला पहिला म्हणून विकलं जातं तेव्हा.

ओळखण्याच्या काही खुणा आहेत. सगळ्या मीटरांची झीज साधारण सारखी हवी. चार मीटरांचे काटे पिवळट झालेत आणि पाचव्याचा पांढराशुभ्र असेल, तर विचारायला हवं. आकड्यांचं वळण, काट्याचा आकार आणि क्रोमच्या रिंगची जाडी सगळीकडे एकाच घराण्यातली दिसली पाहिजे. विजेच्या मीटरचा काटा कसा हलतो, हेही बघावं. द्विधातू पट्टीवरचा मीटर चावी फिरवल्यावर हळूहळू वर येतो. त्याआधीच्या काळातला मीटर पटकन उडी घेतो आणि वळणावर टाकीतलं पेट्रोल हललं की काटाही डोलतो. गाडीच्या वर्षाला यातली कुठली चाल शोभते, हे माहीत असलं की डबा न उघडता अर्धं उत्तर मिळतं.

काही जुन्या गाड्यांत याहून वेगळी चाल दिसते. एमजी टीसीसारख्या १९४० च्या दशकातल्या गाडीतले क्रोनोमेट्रिक मीटर घड्याळासारखे चालतात. ते ठरावीक क्षणांत झालेले फेरे मोजतात आणि काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर टप्प्याटप्प्याने सरकवतात. हा झटका म्हणजे बिघाड नव्हे, ती त्याची नैसर्गिक चाल आहे. तो 'दुरुस्त' करायला जाणं म्हणजे चांगल्या मीटरची वाट लावणं.

आतमध्ये नेमकं काय चालतं?

देखभाल करायची तर यंत्र कसं चालतं, हे थोडं समजून घ्यावं लागतं.

चुंबकीय स्पीडोमीटरमध्ये केबल एका चुंबकाला फिरवते. त्याभोवती अॅल्युमिनियमची हलकी वाटी असते. चुंबक आणि वाटी एकमेकांना चिकटलेले नसतात, पण फिरणाऱ्या चुंबकामुळे वाटीत वीज निर्माण होते आणि वाटी त्याच्या मागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. या ओढाताणीत काटा जिथे थांबतो, तो वेग. म्हणूनच काटा उपटून पुन्हा बसवला की मीटरचं गणित बिघडतं.

तेलाच्या दाबाच्या जुन्या मीटरमध्ये इंजिनचं तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डमागे येतं. दाबाने आतली वाकडी, चपटी नळी सरळ होऊ बघते आणि काटा हलवते.

तापमानाच्या जुन्या मीटरमध्ये इंजिनपाशी एक छोटा बल्ब असतो, त्यात ईथर हा लगेच वाफ होणारा द्रव. इंजिन तापलं की त्याचा दाब वाढतो आणि केशनळीतून मीटरपर्यंत पोहोचतो. ही नळी तुटली की ईथर उडून जातो. नळीला डाग देऊन ती चालू होत नाही, कारण आत पुन्हा ईथर भरावा लागतो. ईथर झटकन पेट घेतो, म्हणून हे काम घरी करण्यासारखं नाही.

पेट्रोलचा आणि नंतरच्या काळातला तापमानाचा मीटर द्विधातू पट्टीवर चालतो. वीज वाहिली की पट्टी तापते, वाकते आणि काटा हलतो. बॅटरीचं व्होल्टेज वरखाली होतं, म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. तो वीज चालू-बंद करत सरासरी १० व्होल्ट पुरवतो.

देखभाल करताना काय करावं?

मीटरच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचं मूळ मीटरमध्ये नसतं. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी.

स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल, तर आधी केबल बघावी. ती कुठे तीव्र वळणात दाबली गेलेली नसावी. आतली तार काढून पुसून तिला अगदी हलकं ग्रीस लावावं, पण मीटरकडचं सुमारे २० सेंटीमीटर टोक कोरडं ठेवावं. तारेच्या पिळावरून ग्रीस वर चढतं आणि मीटरमध्ये शिरलं की चुंबक आणि वाटी एकमेकांना धरून ठेवतात. मग काटा भलताच वर जातो.

पेट्रोल आणि तापमान हे द्विधातू पट्टीचे दोन्ही मीटर एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवू लागले, तर संशय स्टॅबिलायझरवर घ्यावा. दोन्ही जास्त दाखवत असतील, तर त्याच्या डब्याचं अर्थिंग सुटलंय का, ते बघावं. बऱ्याचदा गंजलेला एक स्क्रू घासून परत आवळला की काम होतं. एकच मीटर बिघडला असेल, तर टाकीतला फ्लोट किंवा इंजिनवरचा सेन्सर तपासावा. हे मीटर तपासण्यासाठी थेट १२ व्होल्ट देऊ नयेत, आतली बारीक तार जळते.

तेलाच्या दाबाचा मीटर अचानक कमी दाखवू लागला, तर 'जुना मीटर आहे, चालायचंच' असं म्हणून गाडी चालवत राहू नये. गॅरेजमधला तपासणीचा मीटर जोडून खरा दाब बघावा. डॅशबोर्डमागे येणारी नळी आणि तिचा रबरी तुकडा दरवर्षी हाताने चाचपावा. ती फुटली तर गरम तेल थेट पायांवर येतं आणि इंजिनातलं तेल संपत जातं.

तापमानाचा ईथरवाला मीटर तपासायला त्याचा बल्ब उकळत्या पाण्यात धरतात. बऱ्याच डायलवर फॅरनहाइटमध्ये २१२ अशी खूण असते, म्हणजे १०० अंश सेल्सियस. पण हा आकडा समुद्रसपाटीचा. मुंबईत काटा २१२ वर यायला हवा. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तिथे २०८-२०९ हेच बरोबर उत्तर.

आणि काय करू नये?

गाडी चालू असताना ट्रिप मीटर शून्यावर आणू नये, आतले बारीक दाते तुटतात. डॅशबोर्डवर स्प्रे मारू नये, काचेच्या कडेतून ओल आत जाते.

रिंग पक्कडीने उचकटू नये. बऱ्याच स्मिथ्स मीटरांची रिंग तिच्या मागचे पाकळीसारखे तुकडे डब्याच्या खाचांसमोर येईपर्यंत अलगद फिरवली की निघते. रिंग निघालीच, तर डायलला ओलं फडकं लावू नये. ५० वर्षांपूर्वीची पांढरी अक्षरं ओल्या बोटानेही पुसली जाऊ शकतात आणि त्यात तो कोडही असतो. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकणं पुरेसं आहे. आतली काच मात्र स्वच्छ पुसावी आणि रबरी रिंग नवी घालावी.

एक इशारा आणखी जुन्या गाड्यांसाठी. १९६० पूर्वीच्या काही मीटरांवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असू शकतो. चमक कधीच विझलेली असते, पण रेडियम २२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. असा मीटर उघडून खरवडू नये, त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाणं धोक्याचं आहे.

ओडोमीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का?

या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या ओडोमीटरमध्ये पूर्ण मैलांचे पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे ४३ हजार दाखवणारी गाडी १ लाख ४३ हजार मैल चाललेली असू शकते. त्यात मीटर कधी बदलला, फेऱ्यांचा आकडा जुळत होता का, हे माहीत नसेल, तर त्या आकड्याला एकट्याला फारसा अर्थ उरत नाही.

ब्रिटनमध्ये ओडोमीटरचा आकडा बदलणं हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. मीटर दुरुस्त करताना तो बदलावाही लागतो. पण आकडा खरा नाही हे माहीत असताना ते लपवून गाडी विकणं बेकायदेशीर आहे. इथे सगळा फरक सांगण्या-न सांगण्याचा आहे.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. मीटर काढण्याआधी त्याचे समोरून आणि मागून फोटो काढावेत. तारीख, काढताना असलेला आकडा, जुना आणि नवा कोड आणि काय दुरुस्ती केली, हे गाडीच्या फाइलमध्ये लिहून ठेवावं. मूळ मीटर चालत नसला, तरी तो टाकून न देता गाडीसोबत पुढच्या मालकाकडे द्यावा.

जुन्या वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाचा 'ट्यूरिन चार्टर' हेच सांगतो. नवं करण्यापेक्षा आहे ते जपावं, बदल करावा लागलाच तर तो परत फिरवता येण्यासारखा असावा आणि त्याची नोंद राहावी, हा त्याचा गाभा आहे. घासूनपुसून, रंगवून नवा केलेला डायल प्रदर्शनात छान दिसतो. पण त्यासोबत जुना कोड आणि वयाची खूण पुसली गेली, तर ती परत आणता येत नाही.

भारतातल्या मालकांसाठी याचा अर्थ काय?

भारतात केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी आणि चारचाकी त्यात येतात. त्यांना 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचं ५ हजार रुपये आहे. नोंदणी १० वर्षांसाठी असते आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही.

यातली मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात जपलेली हवी आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे ब्रिटनसारखंच इथेही नियमाचं लक्ष मोठ्या भागांवर आहे. मीटरांचा वेगळा उल्लेख नाही.

भारताचं या गाड्यांशी नातंही जुनं आहे. ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार ज्या ट्रायम्फ हेराल्डच्या पायावर उभी होती, ती हेराल्ड मद्रासमध्ये 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने तयार व्हायची. इथल्या गॅरेजमध्ये एका गाडीचा मीटर दुसरीला बसवून गाडी चालती ठेवणं ही त्या काळची गरज होती. सुटे भाग मिळत नव्हते. त्यामुळे भारतातल्या जुन्या ब्रिटिश गाडीत वेगळा मीटर दिसला, तर लगेच फसवणुकीचा शिक्का मारणं बरोबर नाही. तो गाडीच्या इतिहासाचाच एक भाग असतो, फक्त तो लिहून ठेवलेला हवा.

एक व्यावहारिक मुद्दा मैलांचा. भारतातल्या वेगमर्यादा किलोमीटरमध्ये आहेत. मैलांचा अस्सल स्पीडोमीटर ठेवणाऱ्याने ताशी ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर, हे डोक्यात पक्कं ठेवावं. त्यासाठी डायलवर नवे आकडे रंगवायची गरज नाही. आतल्या काचेवर काढता येईल असं छोटं स्टिकर पुरतं.

थोडक्यात काय बघायचं?

जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बघायला गेलात, तर क्रोमची चकाकी शेवटी बघा. आधी डायलच्या तळाचा कोड वाचा, तो गाडीच्या वर्षाशी जुळवा. स्पीडोमीटरच्या फेऱ्यांचा आकडा गाडी १६ मीटर ढकलून तपासा. आरपीएम मीटर किती सिलिंडरचा आणि कुठल्या अर्थिंगचा, ते विचारा. इंजिन गरम झाल्यावर तेलाचा दाब बघा. आणि मीटर कधी उघडला होता का, याचा कागद मागा.

कागद नसेल तर व्यवहार मोडायलाच हवा असं नाही. पण मग ओडोमीटरवरच्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.